कमरेतली सुई आणि बैलांची नावं

गुडघ्यावर टकटक करायचं आणि विचारायचं, "कोनी शे का घरमा?" कमरेत सुई देऊन पाचेक मिनिटं झाली की आमचे भुलीचे डॉक्टर हे करणारच. पेशंट हसून "काहीच कळी नहीं ऱ्हायनं" म्हणाला, की सर्जनला इशारा मिळे.

शहाद्यातल्या चार-पाच दवाखान्यांत ते स्कूटरवरून फिरत. त्यातल्या एका ऑपरेशन थिएटरची मी सिस्टर. सुईसाठी पाठ कशी वाकवायची, हे पेशंटला दहादा सांगून माझा घसा बसायचा. डॉक्टर म्हणत, "कापूस येचाले वाकतस ना, तसं वाका." पाठ लगेच हवी तशी! मला मेलीला हे कधी सुचलं नाही.

एकदा धानोऱ्याचे एक बाबा हर्नियासाठी आले. जांघेतली गाठ एवढी वाढलेली, की कधी आतडं अडकेल सांगता येत नव्हतं. पण टेबलापाशी आले आणि अडून बसले.

"माले पुरी भूल द्या. जागेपनी ह्या पोरीसना समोर... नहीं! माले लाज वाटस." आणि निघालेच की घरी.

डॉक्टर आडवे आले. "बाबा, बीडीनी तुमनी छाती खाई टाकी शे. पुरी भूल दिधी त तुमले जागं करता करता मन्हा घाम निघी." नुसती जागा बधिर करून भागेल एवढी ती गाठ लहान नव्हती. राहिली कमरेतली सुई, आणि तिच्यात तर माणूस टक्क जागा.

मला वाटलं, आता तासभर समजूत चालणार. पण डॉक्टर बाहेर गेले आणि बाबांची पांढरी टोपी घेऊन आले. नियम म्हणून ती मीच काढून ठेवली होती. बायकांसमोर बोडक्या डोक्यानं उभं केलं मी त्या म्हाताऱ्याला! डॉक्टरांनी टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली आणि वरून आमची हिरवी टोपी चढवली.

"टोपी शे तवलोंग मानूस उघडा नहीं," ते म्हणाले. बाबा गुपचूप टेबलावर चढले.

मग उशाशी बसून डॉक्टरांनी विचारलं, "बैलसना नाव काय शेतस?" झालं! आजवरच्या सगळ्या बैलजोड्या निघाल्या. एक बैल कसा उधळला ते दाखवायला बाबांनी हात उचलला, तेव्हा सर्जन ओरडले, "बाबा, पोट हलतंय!" मी मास्कखाली हसून घेतलं.

डॉक्टर आता काम थांबवून सुरतेला मुलीकडे राहतात. यंदा तेच बाबा दुसऱ्या बाजूचा हर्निया घेऊन आले. नवीन डॉक्टरांनी सुई छान दिली, पण पोटासमोर पडदा लावून ते मॉनिटरकडे वळले, तसा बाबांचा चेहरा पडला. मी सर्जनना विचारून सुरतेला फोन लावला आणि बाबांच्या कानाशी धरला. शेवटचा टाका पडेपर्यंत दोघं बोलत होते. नांगरट, केळी, कुणाची म्हैस व्याली, सगळं.

बाबांना खोलीत नेल्यावर मी फोन घेतला. "झालं, डॉक्टर. बाबा खुशीत आहेत."

"छान, छान." मग त्यांनी विचारलं, "पुढला पेशंट कितला वाजता शे, सिस्टर?"

त्या दिवशी पुढं कुणीच नव्हतं. मी हातमोजे काढले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "आता माझाच नंबर. बोला."