जोड पक्का होता

उस्मानपुऱ्यातल्या ज्या दुकानात मी वायरिंग शिकलो, तिथल्या उस्तादांचा एकच दंडक होता. "तार टूटी तो चलता, जोड नै टूटना." तारांना घट्ट पीळ द्यायचा, त्यावर वितळलेल्या कथलाचा डाख, मग टेप. माझा जोड कुणी ओढून दाखवावा, एवढा मला माज होता.

दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, पैठणच्या धरणात होडी चालवायचे. त्यांचं शेत त्याच पाण्याखाली गेलेलं. माणसं पैलतीरी सोडायची, त्यावर घर चालायचं. होडी इंजिनाची पण जुनी, तळात पाणी झिरपायचं. ते आपोआप उपसणारा बॅटरीवरचा पंप मी बसवून दिला. प्रत्येक जोडाला भरपूर डाख दिला आणि दहा वर्षं बघू नका म्हणालो. दाजींनी खरंच बघणं सोडलं.

पुढच्या वर्षी ती दोघं तीन दिवस फुलंब्रीला लग्नाला गेली. परत आली तर होडी काठालाच बुडालेली. गावकऱ्यांनी ओढून काढली, पण इंजिनात गाळ भरला होता आणि फळ्या उकलल्या होत्या.

मी गेलो, पंपाची वायर चाचपली. टेपखाली डाख चकाकत होता. डाख संपला होता, तिथंच तार तुटली होती. डाखानं तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीनं तिथंच मोडते. घराची भिंत थरथरत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. होडीत मऊ, बारीक तारांची वायर घ्यावी, जोड तांब्याच्या नळीत दाबून बसवावा, पाणी शिरणार नाही असा बंद करावा, वायर फळीला आवळावी. हे सगळं मी नंतर शिकलो. चूक कुणाची, ते मात्र तेव्हाच कळलं.

दाजींनी विचारलं, "जोड सुटला का रं?"

"नाय दाजी. जोड पक्का हाय."

ते गाळातच बसले. "मग माझंच चुकलं. रोज बघाया पाहिजे व्हतं."

बहीण शेजारीच उभी होती. मी जोडावर पुन्हा टेप गुंडाळली.

होडी पुन्हा पाण्यात गेली नाही. दाजी वाळूजला एका कंपनीच्या गेटवर रखवालदार झाले. दर भाऊबीजेला मी त्यांच्या खोलीवर जातो. होडीचा विषय निघतोच. "एवढं बघाया काय झालं व्हतं तुमाला?" बहीण त्यांना म्हणते. दाजी मान खाली घालतात, आणि मी तिच्याकडून ओवाळून घेतो.