सासूबाईंच्या पणजीचं लग्न

माझ्या सासूबाई नॉटिंगहॅमच्या, पण मूळच्या स्कॉटिश घराण्यातल्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्यांच्या पणजीचं लग्न जिथे लागलं, ती जागा त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायची होती. 'डोळ्यांनी' या शब्दावर त्या मुद्दाम जोर द्यायच्या. त्यांची नजर विरत चालली होती आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

लग्नाच्या दाखल्याची नक्कल नवऱ्याने मागवली. चर्चच्या रीतीप्रमाणे विवाह झाला, असं त्यावर होतं. झालं! आम्ही चर्चच्या मागे लागलो. मीसुद्धा, कारण गोऱ्यांचं लग्न म्हणजे चर्च, हे माझ्या डोक्यात सिनेमांनी पक्कं बसवलेलं.

तो अख्खा उन्हाळा मला धुक्यासारखा आठवतो. मिल्टन कीन्सच्या आमच्या घरून निघायचं, वाटेत सासूबाईंना घ्यायचं आणि उत्तरेला स्कॉटलंडकडे जात राहायचं. दाखल्यावर लिहिलेल्या तालुक्यात चर्च तरी किती असावीत! एकात गालिच्यांचं दुकान निघालं, एकात कुणी राहायला आलेलं, एकाची नुसती भिंत उरलेली आणि आत मेंढ्या. सासूबाई प्रत्येक भिंतीवर तळहात टेकवायच्या, जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "इथे नाही." कसं कळतं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. गार सँडविच खाऊन मी वैतागलेली असायचे, तरी त्या थांबल्या की मीही श्वास रोखून उभी राहायचे.

परतीच्या एका प्रवासात मागच्या सीटवर मला डुलकी लागली. अर्धवट झोपेत माझ्या आईचं लग्न दिसलं, मी कधीच न पाहिलेलं. आजोबांच्या दारात मांडव, शेजारपाजाऱ्यांकडून आणलेल्या सतरंज्या, अंतरपाटाच्या कडेने डोकावणारी पोरं. मी दचकून उठले आणि विचारलं, "अरे, मुलीचं घर कुठे होतं?"

"म्हणजे?" नवरा म्हणाला.

"लग्न मुलीच्या घरी लागलं असेल तर?"

दाखल्यावर तारखेच्या शेजारी एका शेतघराचं नाव होतं. तो नवरीचा पत्ता असेल, असं समजून आम्ही त्याकडे पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तिकडच्या रेकॉर्ड ऑफिसला फोन केला, तर तिथल्या बाई हसल्याच. त्या काळी पाद्रीच नवरीच्या घरी यायचे, चर्चमध्ये क्वचितच कुणी लग्न करायचं, म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण रडू आलं. सासूबाईंच्या नजरेचा एक उन्हाळा आम्ही नको त्या भिंतींवर घालवला होता.

शेतघर अजून उभं होतं. घरमालकीण मोकळ्या मनाची होती. लग्न इथेच लागलं असणार, चार माणसं मावतील अशी दुसरी खोलीच नाही, असं म्हणत तिने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं आणि स्वतः कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. खाली दगडी फरशी, बुटकं छत, चुलीच्या जागी आता स्टोव्ह. खिडकीतून दुधाळ उजेड येत होता. सगळं पाण्याखाली असल्यासारखं शांत.

सासूबाईंनी या वेळी भिंतीला हात लावला नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्ही दोघं चुलीपाशी उभे राहा ना," त्या म्हणाल्या.

आम्ही उभे राहिलो. माझ्या अंगावर रेनकोट, नवऱ्याच्या बुटांना चिखल. आमच्या लग्नाला पुण्याला यायचं त्यांना जमलं नव्हतं, हे मला अचानक आठवलं. मी नवऱ्याचा हात धरला.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मग हळूच मान वळवून खिडकीकडे तोंड केलं. मला वाईट वाटलं. वाटलं, त्यांना काहीच दिसत नाहीये.

"हलू नका," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "समोर पाहिलं की तुम्ही पुसले जाता. असं कडेने पाहिलं तरच दिसता."

त्या बराच वेळ तशाच, तोंड खिडकीकडे ठेवून, आम्हाला बघत राहिल्या.