खंडेनवमीला अडलेला काटा

शहरातली नोकरी सोडून मी उमरग्याला सासऱ्यांच्या वजनकाट्यावर आलो, तेव्हा गावाने एकच अर्थ काढला: घरजावई. सासरे तसं कधी बोलले नाहीत, पण त्यांनी मला कामही सांगितलं नाही. पाहुण्यासारखं चहापाणी चालू असायचं आणि ते मला भयंकर झोंबायचं.

म्हणून हट्टाने काट्याच्या प्रोग्रामला हात घातला. वजन वाचणारा जुना प्रोग्राम सी भाषेतला. मराठी-कानडी पावती छापणारा भाग मी सी-शार्पमध्ये लिहिला. सी म्हणजे रोखठोक गडी, थेट पत्त्यावर जाऊन दार ठोठावणारा. माझा सी-शार्पचा भाग मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट यंत्रणेच्या लाडात वाढलेला. मध्यस्थाशिवाय भेटायचाच नाही. सीने विंडोजला विचारायचं, विंडोजने आपल्या नोंदणीत नाव शोधायचं, मग भेट. या एका भेटीपायी मी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या, पण शेवटी पावती निघाली.

मग ऐन सोयाबीनच्या हंगामात खंडेनवमी आली. सकाळी बघतो तर काट्यावरचा कॉम्प्युटर पाटावर, झेंडूच्या माळेत! पूजेतलं अवजार दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही. सासऱ्यांनी आदल्या दिवशीच प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेतला होता आणि घरचा कॉम्प्युटर आणून काट्याला जोडला होता. त्याच्या पडद्यावर एकच ओळ: क्लास नॉट रजिस्टर्ड. बाहेर ट्रॅक्टरांची रांग हॉर्न बडवत होती.

"जावईबापू, समदं उचलून आणलंय की म्या. मग का चालंना?"

"मामा, फाइल आली, पण हिची नोंद त्या पाटावरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. या कॉम्प्युटरला ती ओळखीची नाही."

"त्याला हात लावायचा न्हाय."

"नाही लावत. इथं नव्याने नोंदवतो."

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "जावयानं बिघडवला व्हय काटा? जातो मग दुसरीकडं!"

माझं डोकं तापलं. घाईघाईत चौसष्ट बिटांची नोंद केली. जुना सी पडला बत्तीस बिटांचा, त्याची नोंदवही वेगळी, त्यामुळे पुन्हा तीच ओळ. दुसऱ्यांदा नीट नोंदवलं आणि पावती बाहेर आली.

सासऱ्यांनी ती फाडून ट्रॅक्टरवाल्याच्या हातात कोंबली. "जावयानंच चालू केला. जा, ट्रॅक्टर रिकामा करून ये."

मग पूजेचं ताट आणून त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "समद्या अवजारांची पूजा झाली, तुमीच राहिला होता. उद्यापासनं काटा तुमी सांभाळायचा." मला हसू आलं.

दुपारी प्रिंटरमध्ये कागद अडकला. मी उठलो तसे सासरे गरजले, "बसा खाली! पूजेतलं अवजार आज कुणी वापरतं का?"