निर्दोष गुडघे

दुपारचं जेवण अंगावर आलंय. डोळा लागतो न लागतो, तोच कॉटच्या कडेला कुणीतरी येऊन बसतं. कॉट करकरत नाही, म्हणजे शशीच. माझी बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, आता तिला वजन नाही.

"केतकी नोकरी सोडतेय," ती म्हणते.

"उद्या राजीनामा देणार. पाठ दुखते म्हणाली."

केतकी आमची मुलगी. सत्तेचाळीस वर्षांची, पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. गावाला पाणी कधी सोडायचं हे ती ठरवते आणि शिव्या आम्ही बापलेक मिळून खातो.

"पाठ," शशी म्हणते. "आणि मी शाळेतली नोकरी सोडली, तेव्हा?"

"गुडघे."

"गुडघे धडधाकट होते, अहो."

त्या निर्दोष गुडघ्यांना मी वर्षभर तेल चोळलं. पेपरातल्या विनोदी सदरात पुढाऱ्यांच्या थापा पकडून जन्मभर पोट भरलं, आणि ही थाप माझ्याच घरात सुखानं नांदली.

कॉट आता एसटी स्टँडवरचं बाकडं आहे. गाडी नाही, माणूस नाही. लाउडस्पीकरवरची बाई कुठल्या तरी रद्द गाडीबद्दल सांगत राहते. हवेत गारठा आहे, तरी शशी पदरानं वारा घेतेय. तिच्या कानामागून घाम ओघळतोय.

"आतून भट्टी पेटायची. झोप नाही. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, मग आली की थांबायची नाही. एक दिवस हजेरी घेताना मुलांचे चेहरेच ओळखू येईनात. वाटलं, आपलं डोकं फिरतंय."

"मला सांगायचंस."

"काय सांगू, वेडी होतेय म्हणून? गुडघ्यांना कुणी हसत नाही."

ती पदरानं मान पुसते.

"वेड नव्हतंच ते. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशी असतात. मला हे कळलं, तोवर माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या होत्या. केतकीला बायकांच्या डॉक्टरांकडे न्या. रक्त तपासतील, थायरॉइड बघतील. औषधं आहेत आता. निदान आपल्याला काय होतंय, ते तरी कळेल तिला."

"हे आईनं मुलीला सांगायचं असतं."

"मी मेलेय."

मुद्दा बिनतोड आहे.

बाकडं अरुंद होत जातं. आम्ही वर्गात आहोत. मुलं नाहीत, दप्तरं तेवढी जागेवर आहेत. शशी माझ्या हातात खडू देते.

"लिहा. पाळी."

मंत्र्यांपासून महाराजांपर्यंत सगळ्यांवर लिहिलं, पण हा शब्द कधी लिहिला नव्हता. खडू फळ्यावर किरकिरतो.

"आता मोठ्यानं वाचा."

"वाचल्यावर तू जाशील."

"तरी वाचा."

मी वाचतो.

"बाबा?"

केतकी चहाचा कप घेऊन दारात उभी आहे. कुर्त्याचा गळा भिजलाय, डोळ्यांखाली काळं झालंय. "झोपेत काय बोलत होता?" तिनं ऐकलेलं आहे. विचारतेय ते मी 'काही नाही' म्हणावं म्हणून.

मी हाताकडे बघतो. अंगठा आणि दोन बोटं पांढरी झालीत. चोळून बघतो, पूड खरीच आहे. आमच्या घरात खडू नाही.

"बस," मी म्हणतो. "तुझ्या पाठीला काही झालेलं नाही."