निळे पोहे

मल्लेश्वरमला आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेला एक भाडेकरू राहायचा. कंप्युटरच्या कंपनीत नोकरी, दर रविवारी तिघा मित्रांबरोबर डोंगर, आणि प्रत्येक गोष्टीवर व्याख्यान. आदल्या वर्षी मला कावीळ झाली होती, म्हणून आईने मला त्याच्याच ताब्यात देऊन मागडीकडच्या डोंगरावर पाठवलं. "सरी, बरं, जा. पण हिला पाणी तुम्ही द्यायचं. पुन्हा डोळे पिवळे झाले तर डोंगर कायमचा बंद."

घरून नेलेलं उकळलेलं पाणी अर्ध्या चढावरच संपलं. वर कातळात साचलेलं पाणी होतं. त्याने त्याची आणि माझी बाटली फडक्यातून गाळून भरली, दोन्हींत आयोडीनचे मोजून थेंब टाकले आणि घड्याळ काढलं. "अर्धा तास. त्याआधी घोटही नाही."

पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि त्याला दवाखान्याचा वास सुटला. मला तहान लागली होती आणि त्याच्या घड्याळाचा राग आला होता. तो दोरीच्या गाठींवर बोलायला लागल्यावर मी दडप्या पोह्यांसाठी आणलेलं लिंबू हळूच माझ्या बाटलीत पिळलं. रंग गेला, वासही गेला. दहा मिनिटांत मी अर्धी बाटली संपवली. स्वतःच्या अकलेवर मी फारच खूश होते.

जेवायच्या वेळी मी पातळ पोहे काढले आणि त्याच्या बाटलीतलं पाणी शिंपडलं. पोहे बघता बघता निळे झाले, अगदी शाईत बुडवल्यासारखे. बरोबरच्या तिघांनी हात मागे घेतले. मला हसू आवरेना. मी उरलेले पोहे दुसऱ्या डब्यात घेतले, त्यावर माझ्या बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि त्याच्यापुढे धरलं. "बघा, आमचं पाणी. पांढरेशुभ्र."

तो हसला नाही. "तुमच्या बाटलीत काय घातलंत?"

"लिंबू."

"कधी?"

"लगेच."

"पोहे निळे होतात म्हणजे पाण्यात औषध आहे. लिंबाने ते मरतं. अर्ध्या तासानंतर पिळलं असतं तर चाललं असतं." त्याने माझी अर्धी बाटली उचलून पाहिली. "हे तुम्ही प्यायलात?"

माझं हसू तिथेच आटलं. उतरताना, आईला सांगू नका म्हणून मी त्याच्या इतक्या विनवण्या केल्या की आजही आठवलं की लाज वाटते. घरी आईने विचारलं, तेव्हा तो सरळ चेहऱ्याने म्हणाला, "काकू, अर्धा तास थांबूनच प्यायल्या."

मग महिनाभर, ऑफिसला निघताना तो जिन्यात मला थांबवायचा. "डोळे दाखवा." मी उजेडाकडे तोंड करून उभी राहायची, तो वाकून नीट बघायचा आणि "ठीक आहे" म्हणून निघून जायचा. मी आजारी पडले नाही.

पण आईने एक दिवस ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी तिने माझ्याकडे त्याच्या घरच्यांची चौकशी केली, आणि त्याचं गोत्र विचारलं.

डोळे का दाखवते ते खरं सांगावं तर डोंगर बंद. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिने त्यालाच गाठून जिन्यातल्या त्या बघण्याबद्दल विचारलं. तोही गप्प बसला, आणि त्याला तर डोंगर कुणीच बंद करणार नव्हतं.