नाचाच्या बाई

जपानमधल्या ग्योतोकुच्या हॉलमध्ये दर शनिवारी माझ्या मुलीला नाच शिकवणाऱ्या बाई एके काळी फिलिपिन्समध्ये टीव्हीवरच्या नायिका होत्या. वडील गव्हर्नर, भाऊ मेयर. हे मला स्टेशनवरच्या फिलिपिनो बायकांनी सांगितलं. त्या फोटो मागायच्या आणि बाई न चुकता डावा गाल पुढे करायच्या. बोलताना वाक्य संपलं की जरा थांबायच्या, जणू आता टाळ्या पडतील. मला हसू यायचं.

मोठ्या भूकंपानंतरची ती वर्षं. भूकंप येणार असला की फोनवर इशारा वाजायचा. एका शनिवारी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. मुलं शाळेतल्या सवयीने टेबलांखाली शिरली, मीही शिरले. बाई मात्र मधोमध ताठ उभ्या राहिल्या आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघून हसत हात हलवू लागल्या. वरचे दिवे झुलत होते. माझी मुलगी त्यांना जपानीत ओरडून खाली बोलवत होती. त्यांना ऐकूच जात नव्हतं.

हादरे थांबल्यावर मी विचारलं, "तुम्ही खाली का नाही बसलात?"

"वडिलांच्या सभेत एकदा गोळीबार झाला. मी नऊ वर्षांची होते. आई कानात म्हणाली, हात हलवत राहा, घाबरलेल्यांना कोणी मत देत नाही."

पुढच्या शनिवारी त्या माझ्या मुलीला म्हणाल्या, "टेबलाखाली कसं जायचं, मला शिकव." तिने हात धरून शिकवलं. मी वाकून पाहिलं. बाई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, थरथरत होत्या, आणि हसत होत्या. डावा गाल माझ्याकडे होता.