अण्णाजींचा मजकूर

कुणी गेल्याचा फोन आला की रक्षा उमाटे हळहळत नाही. आधी विचारते, कधी गेले. मग अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून. शेवटी, फोटो आहे का. फोन ठेवला की ती त्याच आळीतल्या दुसऱ्या घरी फोन लावून खातरजमा करते आणि मगच पतसंस्थेच्या फेसबुक पानावर बातमी टाकते. बँकेत चेकवरची सही ताडून पाहावी, तसं हे काम ती करते.

हिवरघाट हे पवनारच्या पुढे, सेलू रस्त्यावरचं गाव. तिथल्या धामतीर पतसंस्थेत रक्षा कंत्राटी लिपिक. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग दोन दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. हिंगणघाटच्या एका स्थळाने मुलगी पसंत केली होती. नोकरी कायम झाली की कळवा, एवढाच त्यांचा निरोप होता.

संस्थेचं पान निघालं ते अध्यक्ष अण्णाजी ढोबळे नागपूरच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आले त्यानंतर. तिथे त्यांना सांगण्यात आलं की ज्या संस्थेचा जनतेशी संवाद नाही तिला भविष्य नाही. परतल्यावर अण्णाजींनी ऑफिसात सगळ्यांचे मोबाइल पाहिले. रक्षाचा सर्वांत नवा होता. पान तिच्याकडे गेलं.

सुरुवातीला तिने ठेवीचे व्याजदर टाकले. त्यावर तीन अंगठे पडले. एक तिचा, एक तिच्या भावाचा आणि एक व्यवस्थापक बंडूजींचा. बचतीवर प्रश्नमंजूषा घेतली. एकच उत्तर आलं, तेही चुकीचं. मग संस्थेचे जुने संचालक तानबाजी वारले. त्या दिवशी संस्था अर्धा दिवस बंद राहणार होती, ते कळवण्यासाठी तिने त्यांचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत पुण्यापासून हैदराबादपर्यंत जिथे जिथे हिवरघाटचं माणूस पोटासाठी गेलं होतं, तिथून जोडलेले हात आले.

तेव्हापासून गावात कुणी गेलं की लोक आधी पान उघडू लागले. फोटो बहुधा लग्नातले येत. रक्षा त्यातून माणूस कापून काढायची. कधी कधी दिवंगताच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा हात तसाच राही. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. व्याजदर अधूनमधून टाकले जात, ते कुणी पाहत नसे.

आकडा वाढताना पाहून अण्णाजींनी शब्द दिला होता. आमसभेच्या आत पाच हजार लोक पानाला जोडले गेले, तर रक्षाला कायम करण्याचा विषय ते स्वतः मांडणार. आमसभा तोंडावर आली होती आणि पान साडेचार हजारांच्या आसपास रेंगाळलं होतं. त्या महिन्यात गावाची तब्येत चांगली होती.

त्यातच अण्णाजींना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. पानावर शुभेच्छा हव्यात, असं त्यांनी सांगितलं. मजकूर स्वतः लिहिला आणि फोटोही स्वतः निवडला. तरुणपणीचा, काळा-पांढरा. रक्षाने एकवार सुचवून पाहिलं की रंगीत फोटो बरा दिसेल. रंगीत फोटोत आपण म्हातारे दिसतो, असं अण्णाजींचं म्हणणं पडलं. मजकुराची सुरुवात 'सहकाराचा आधारवड, गोरगरिबांचा आधार' अशी होती. वाढदिवसाचा उल्लेख चौथ्या ओळीत होता.

ठरलेल्या दिवशी सकाळी रक्षाने फोटो टाकला. पहिली प्रतिक्रिया पुण्याहून आली, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' तिने खाली लिहिलं, आज त्यांचा वाढदिवस आहे. ते वाचेपर्यंत कुणी थांबत नव्हतं. फोटो पाहायचा, हात जोडायचे आणि पुढे जायचं, असं बोटांना वळण पडलं होतं. ते वळण रक्षानेच लावलं होतं.

तिने अण्णाजींना फोन लावला. ते पत्नी भागीरथाबाईंना घेऊन केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेले होते आणि फोन बंद होता. बंडूजी म्हणाले, अध्यक्षांनी टाकायला लावलेली गोष्ट अध्यक्षांना विचारल्याशिवाय काढता येणार नाही. रक्षाला ते पटलं. का पटलं, हेही तिला कळत होतं. आकडा भराभर चढत होता. दुपारी तो पाच हजारांच्या पार गेला.

गावात कुणी शंका घेतली नाही, कारण अण्णाजींच्या अंगणात मांडव होता. आचाऱ्याची मोठाली गंजं-पातेली उतरत होती. घराला कुलूप होतं, त्याचा अर्थ लोकांनी सेवाग्रामचा दवाखाना असा लावला. किराणावाल्याने शटर निम्मं ओढलं. आर्वीहून पाहुण्यांची जीप निघाली. रूपराव बांबू घेऊन आले. गावात कुणी गेलं की तिरडीचे बांबू रूपरावांनी आणायचे, असं चालत आलं होतं.

अण्णाजी प्रसादाचा पुडा घेऊन गाडीतून उतरले, तेव्हा अंगणात शंभरेक माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती. शेजारच्या कमलाबाईंनी रडायला सुरुवात केली होती. त्यांनी अण्णाजींकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसून गप्प झाल्या. अण्णाजींची नजर बांबूंवर गेली.

"रूपराव, हे काऊन आणले?"

"मांडवाले कमी पडून राह्यले म्हने, अण्णाजी," रूपराव म्हणाले. "म्हनून आणले."

मग सगळे जेवायला बसले. जेवण पंचाहत्तरीचंच होतं, आणि चांगलं होतं. आर्वीचे पाहुणे रिकाम्या हाताने आल्याबद्दल ओशाळले, तेवढंच.

संध्याकाळी अण्णाजींनी रक्षाला घरी बोलावलं. नोकरी गेली, असं धरूनच ती गेली. अण्णाजी मांडवाखालच्या खुर्चीत एकटे बसले होते. फोन त्यांनी तिच्यापुढे केला. अक्षर बारीक दिसतं, वाचून दाखव, म्हणाले. रक्षा एका सुरात वाचत गेली. देवमाणूस गेला. सहकार पोरका झाला. गेल्या निवडणुकीत ज्याने अण्णाजींच्या विरोधात पॅनल उभं केलं होतं, त्याने लिहिलं होतं, 'असा माणूस पुन्हा होणे नाही.' ही ओळ अण्णाजींनी दोनदा वाचून घेतली.

"पाहाय," ते म्हणाले. "जिवंतपणी एकानं सांगितलं नाई मले. हे समदे माह्यासाठी लिहून राह्यले?"

हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. हिंगणघाटचं उत्तरही त्यातच होतं. रक्षाने फोन खाली ठेवला.

"तानबाजींलेही हेच लिहिलं होतं, अण्णाजी. याच शब्दांत. लोक वाचत नाईत, नुसतं लिहितात."

अण्णाजींनी फोन उचलून खिशात घातला.

"तानबाले किती आले होते?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

आत भागीरथाबाई भांडी लावत होत्या, तो आवाज थांबला.

"तू खोटं बोलत नाईस, हे एक बरं हाय," अण्णाजी शेवटी म्हणाले. "फोटो काढून टाक तो. आन् माह्या वेळचा मजकूर आताच करून ठेव. उद्या आणजो. मी तपासतो."

दुसऱ्या दिवशी तिने तो नेला. सहा ओळी होत्या. जन्म, शिक्षण, किती वर्षे अध्यक्ष, कोणती शाखा कोणत्या साली उघडली. देवमाणूस नव्हता, आधारवड नव्हता. तारखेची जागा रिकामी होती. अण्णाजींनी एका शाखेचं साल दुरुस्त केलं आणि खाली सही केली. मग बंडूजींनी तयार केलेली टिपणी मागवली, रक्षाला कायम करण्याची, आणि तिच्यावरही सही केली. आपल्या वेळी हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती नको, एवढंच कारण त्यांनी बंडूजींना सांगितलं.

आमसभेत विषय चर्चेविना मंजूर झाला. रक्षाने त्याच संध्याकाळी हिंगणघाटला कळवलं. सहा ओळींचा मजकूर तिच्या टेबलाच्या खणात आहे. अण्णाजी दर महिन्याला ऑफिसात येतात, तो मागून घेतात, वाचतात आणि परत देतात. आतापर्यंत त्यांनी त्यात दोन ओळी वाढवल्या आहेत.